ओव्हरड्राफ्टचे पेढे

ओव्हरड्राफ्ट मिळाला म्हणून पेढे वाटणारा माणूस पनवेलजवळच्या करंजाड्यात आजवर एकच झाला. हरेश घरत. अर्धा किलो पेढे, चार मजले, सोळा बिऱ्हाडं, आणि प्रत्येक दारात तेच वाक्य, ‘‘आमच्या प्रांजलला बँकेने पंचवीस हजार मंजूर केले.’’ लोकांनी पेढा तोंडात टाकला, अभिनंदन केलं आणि दार लावून घेतलं. अभिनंदन नक्की कशाचं केलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण हातात फुकटचा पेढा असताना चौकशा करणारा माणूस आमच्याकडे अजून जन्माला यायचा आहे.

घडलं ते असं. ऑक्टोबरात हरेशरावांच्या मोबाइलवर बँकेचा इंग्रजी मेसेज आला. प्रिय ग्राहक, आपल्या पगाराच्या खात्यावर पंचवीस हजारांची ओव्हरड्राफ्ट सुविधा देताना आम्हाला आनंद होत आहे, हवी असल्यास ‘येस’ असं उत्तर पाठवा. आता हरेशराव म्हणजे उत्तर देणारा माणूस. पाणीपुरवठा कार्यालयात तीस वर्षं आवक-जावक सांभाळलेली. आलेल्या कागदाला उत्तर गेलं नाही तर त्यांना जेवण जात नाही. सकाळी कुणी फुलांचं चित्र पाठवलं तरी ते ‘आपला आभारी, ह. का. घरत’ असं कळवतात. तिथे बँकेला आनंद झालेला असताना गप्प बसणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी ‘येस’ पाठवलं. ‘आपला आभारी’ टाइप करेपर्यंत सुविधा सुरू झाल्याचा दुसरा मेसेजही येऊन पडला.

अडचण एवढीच होती की खातं त्यांचं नव्हतं. ते त्यांच्या मुलीचं होतं.

प्रांजल कॉलेजात असताना नवीन पनवेलच्या शाखेत ते उघडलं होतं. त्या काळात ती दर दोन महिन्यांनी सिमकार्ड बदलायची, म्हणून फॉर्मवर बापाचा नंबर घातला. पुढे तिला बंगळुरूला नोकरी लागली, तेच खातं पगाराचं झालं, पण नंबर बदलायचा राहून गेला. त्यामुळे गेली तीन वर्षं प्रांजलने बंगळुरूत कुठेही कार्ड टेकवलं की पनवेलमध्ये हरेशरावांच्या शर्टाचा खिसा थरथरायचा.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला, रंजिताबाईंनाही नाही.

का, ते सांगायला हवं. रंजिताबाई रोज संध्याकाळी अर्धा तास लेकीशी बोलत. हसत, भांडत, भाजीत किती मीठ घालायचं ते सांगत. मग म्हणत, ‘‘थांब, पप्पांना देते.’’ फोन हातात यायचा आणि हरेशरावांचं सगळं शब्दभांडार कुठे जायचं कोण जाणे.

‘‘काय गं, जेवलीस?’’

‘‘हो पप्पा. तुम्ही?’’

‘‘हो. बरं, ठेवतो मग.’’

झाला संवाद. बसमध्ये बसून त्यांनी तीन-तीन विषय ठरवून ठेवलेले असत. तिच्या सायकलचं पंक्चर त्यांनी काल काढून आणलं, खालच्या मांजरीला पिल्लं झाली, कार्यालयात नवीन साहेब आला. यातलं एकही तोंडातून बाहेर पडायचं नाही. मुलीची आठवण त्यांना इतकी येत असे की ऑफिसात जावक क्रमांक टाकताना ते मध्येच थांबायचे. पण आठवण येते हे बापाने मुलीला कसं सांगायचं, याचा नमुना अर्ज त्यांना कुठे सापडला नव्हता.

मग ते मेसेज वाचायचे. सकाळी आठ बेचाळीस, मल्लिगे टिफिन रूम, साठ रुपये. म्हणजे उठली, आवरलं, इडली खाल्ली. मग यांच्या घशाखाली पोहे उतरायचे. नऊ वाजेपर्यंत मेसेज आला नाही तर ताटली तशीच राहायची. एकदा औषधाच्या दुकानात एकशे अठरा रुपये गेले. हरेशराव दिवसभर कासावीस. संध्याकाळी बायकोला म्हणाले, ‘‘तिला विचार ना, सर्दीबिर्दी झालीय का.’’ झाली होती. ‘‘तुम्हाला स्वप्न पडलं की काय?’’ रंजिताबाईंनी विचारलं. हरेशरावांनी पेपर चेहऱ्यासमोर धरला.

तर ओव्हरड्राफ्ट. हा शब्द चांगला की वाईट, हे विचारायला ते गावी काशीदादांकडे गेले. काशीराम म्हणजे त्यांचा चुलतभाऊ. जमिनी संपादनात गेल्या, बदल्यात प्लॉट आले, आता रेती-खडीचा धंदा. दारात दोन डंपर, ओटीवर झोपाळा.

‘‘ओडी?’’ काशीदादा झोपाळ्यावरून उठून बसले. ‘‘अरं हरेश, माझी हाय ओडी, पन्नास लाखांची! बँक कुनाला बी देत नाय. मानूस बघते, मंग देते. तुज्या पोरीची लायकी वलखली बँकेनी. मिठाई वाट, मिठाई!’’

धंदेवाल्याचा ओव्हरड्राफ्ट आणि पोरीच्या डेबिट कार्डाचा ओव्हरड्राफ्ट यात काय फरक असतो, हे दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. पण काशीदादांचा आवाज मोठा आहे. हरेशराव येताना पेढे घेऊनच आले. रंजिताबाईंनी ‘‘तुम्हाला कुणी सांगितलं?’’ असं विचारलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘बँकेतून कळलं.’’ यात खोटं काहीच नव्हतं.

दोनच दिवसांनी खात्यातून एक हजार सातशे सत्तर रुपये गेले. सुविधा शुल्क, करासहित. हरेशरावांना थोडं खटकलं. मग आठवलं की मागे एका मंडळाने त्यांचा सत्कार केला होता तेव्हा शाल-श्रीफळाचे पैसे त्यांच्याकडूनच घेतले होते. मोठेपणाला खर्च असतोच, असं म्हणून त्यांनी विषय मिटवला.

नोव्हेंबरअखेर पगाराचा मेसेज आला नाही. डिसेंबरातही नाही. पण प्रत्येक इडलीच्या मेसेजखाली ‘उपलब्ध रक्कम’ म्हणून तेहतीस हजार, बत्तीस हजार असे गुबगुबीत आकडे दिसत होते. म्हणजे मुलगी जपून खर्च करतेय, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि मनातल्या मनात तिची पाठही थोपटली.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, आठ बेचाळीसला, इडलीपाठोपाठ आणखी एक मेसेज आला. आपलं खातं एकशे बारा रुपयांनी ओव्हरड्रॉ झालं आहे, दररोज व्याज लागू होईल. उपलब्ध रक्कम मात्र चोवीस हजार आठशे अठ्ठ्याऐंशी. एकाच खात्यात चोवीस हजार आहेतही आणि नाहीतही, हे कोडं आणि मेसेजचा मोबाइल घेऊन हरेशराव तिसऱ्या मजल्यावर शैलेशकडे गेले. शैलेश विमा विकतो, सोसायटीचा खजिनदारही आहे. त्यामुळे समजावून सांगण्याची त्याला सवय आहे आणि समोरच्याला समजलं की नाही हे बघण्याची नाही.

पण त्या दिवशी त्याने नीट सांगितलं. ‘‘काका, आपल्या टाकीचं बघा. आपलं पाणी संपलं की टँकरवाला स्वतःहून येऊन भरून जातो, बरोबर? नळाला कळतं का पाणी आपलं की टँकरचं?’’

‘‘नाही.’’

‘‘तसंच कार्डाला कळत नाही. तुमची उपलब्ध रक्कम म्हणजे अख्खा टँकर. त्यात तुमचा एक थेंब नाही. वापराल त्याचं व्याज, आणि टँकर दाराशी उभा केला त्याचे सतराशे सत्तर वेगळे. हा त्याच ओव्हरड्राफ्टचा पेढा होता का, काका?’’

हरेशराव जिना उतरले. पेढ्याचं दुःख नव्हतं. पायऱ्या उतरता उतरता त्यांच्या डोक्यात दुसरंच जुळत गेलं होतं. पगार नोव्हेंबरपासून नाही, आणि खात्यात स्वतःचा पैसा नाही. म्हणजे प्रांजलची नोकरी गेलीय. चार महिने झाले. पोरगी परक्या गावात उधारीवर इडली खातेय, आणि रोज संध्याकाळी फोनवर सांगतेय, हो पप्पा, जेवले.

विचारायचं कसं? विचारलं तर ती म्हणणार, तुम्हाला कसं कळलं. मग मेसेजचं सांगावं लागणार. मग ती नंबर बदलणार. मग सकाळी आठ बेचाळीसला खिसा गप्प राहणार. हरेशराव नोकरीचीही काळजी करत होते आणि खिशाचीही, आणि यातली दुसरी काळजी जास्त वाटतेय की काय या शंकेने त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

त्यांनी ठरवलं, गुपचूप पैसे भरायचे. पण मोठी रक्कम काढली तर रंजिताबाईंना कळणार, म्हणून आपल्या चहा-पानाच्या पैशातून तीनशे. आणि मुलीला द्यायची रक्कम शून्यावर संपवायची नसते, वर एक रुपया ठेवायचाच, हे आईने त्यांना शिकवलेलं. बँकेच्या दारातलं पैसे भरायचं मशीन नाणं घेईना. हरेशरावांनी एक रुपया तीन फटींतून घालून पाहिला, तेव्हा सुरक्षारक्षक आला आणि म्हणाला, ‘‘काका, हे वजनाचं मशीन नाही.’’ मग ते रांगेत उभे राहिले आणि काउंटरवर तीनशे एक भरले.

खातं वर आलं. चार इडल्यांनी परत खाली गेलं. हरेशराव परत तीनशे एक घेऊन हजर. व्याज वाचायचं चार रुपये आणि करंजाड्याहून नवीन पनवेलला जायची-यायची रिक्षा व्हायची त्याच्या कितीतरी पट, पण हिशेब करायला बसलेला बाप तो नव्हताच. चौथ्या खेपेला मेसेज आला की महिन्यातून तीनदाच काउंटरवर रोकड फुकट भरता येते, चौथ्या भरण्याचे एकोणसाठ रुपये कापले आहेत. ते भरून काढेपर्यंत तिमाहीचं शुल्क कापलं गेलं. सतरा रुपये सत्तर पैसे. कशाचं? तर मेसेज पाठवण्याचं. त्या सतरा रुपयांनी खातं पुन्हा ओव्हरड्रॉ झालं, आणि तसं कळवणारा मेसेज आला.

तेव्हा मात्र त्यांचा संयम सुटला. ते शाखेत शिरले आणि थेट तिथल्या अधिकारी माधुरी मॅडमच्या टेबलापाशी गेले. मार्चअखेर जवळ आलेली, मॅडमसमोर फायलींचे दोन ढीग, दोन ढिगांमधून मॅडमचे फक्त डोळे दिसत होते.

‘‘हा ओव्हरड्राफ्ट बंद करा,’’ हरेशराव म्हणाले.

‘‘खातं तुमचं?’’

‘‘मुलीचं.’’

‘‘मग मुलीने सांगायला हवं. ओव्हरड्राफ्ट घेतला कुणी?’’ मॅडमनी संगणकात पाहिलं. ‘‘ऑक्टोबरात मोबाइलवरून संमती दिलीय. हा नंबर कुणाचा?’’

हरेशरावांनी खिशावर हात ठेवला. तीस वर्षांच्या नोकरीत एकही मेमो न मिळालेला माणूस शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला. ‘‘बँकेला आनंद झाला होता,’’ ते म्हणाले. ‘‘मी उत्तर दिलं.’’

मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी ढीग थोडा बाजूला सरकवला. ‘‘काका, दुसऱ्याच्या खात्याला तुमचा नंबर आहे हे आता मला कळलंय. कळलं नाही असं मला करता येत नाही. आधी मुलीचा नंबर लावायचा, मग तिच्या संमतीने ओव्हरड्राफ्ट बंद. हा फॉर्म. तिची सही आणून द्या.’’

‘‘नंबर न बदलता होणार नाही?’’

‘‘नाही.’’

‘‘फक्त सकाळचे मेसेज माझ्याकडे ठेवून?’’

मॅडमनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. ‘‘नाही हो, काका,’’ त्या हळू आवाजात म्हणाल्या.

तो फॉर्म चार दिवस हरेशरावांच्या खिशात राहिला. पाचव्या दिवशी शर्ट धुवायला टाकताना तो रंजिताबाईंच्या हाती लागला. त्यांनी फॉर्म वाचला, नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावलं आणि गॅस बंद केला. गॅस बंद झाला की त्या घरात कुणी खोटं बोलत नाही. हरेशरावांनी सगळं सांगितलं. पेढे, टँकर, तीनशे एक, आणि शेवटी, आवाज सांभाळत, ‘‘तिची नोकरी गेलीय गं.’’

‘‘कुणाची? प्रांजलची?’’ रंजिताबाई बघतच राहिल्या. ‘‘अहो, तिने दिवाळीनंतर कंपनी बदलली! पगार वाढला. दुसऱ्या बँकेत खातं काढलं. मी तुम्हाला सांगितलं होतं, याच टेबलावर. तुम्ही पेपरामागून ‘हं’ म्हणालात.’’

हरेशरावांना इडलीची किंमत माहीत होती, मुलीची कंपनी माहीत नव्हती. ते खुर्चीवर बसले. आनंद इतका झाला की शरमायचं काही क्षण राहूनच गेलं.

रंजिताबाईंना मात्र भलतंच लागलं होतं. ‘‘तीन वर्षं तुम्ही एकटेच वाचताय? मला एकदाही दाखवावंसं वाटलं नाही?’’

‘‘तू तर रोज बोलतेस तिच्याशी.’’

‘‘बोलते. ती सांगते तेवढंच कळतं ना मला. आणा इकडे.’’ त्यांनी चष्मा लावला आणि मोबाइल हातात घेऊन पहिल्यापासून वाचायला बसल्या. मधूनमधून बोलत होत्या, ‘‘इथे गुरुवारी दोनदा इडली. म्हणजे संध्याकाळी स्वयंपाकाचा कंटाळा केला. आणि मला म्हणाली वरण-भात केला, लबाड.’’ कुकर तसाच राहिला, त्या दिवशी दोघं दीड वाजता जेवली. फक्त एक गोष्ट रंजिताबाईंनाही उलगडेना. पगार दुसरीकडे येतो, तर पोरगी नाश्त्याला हे जुनं कार्ड का घासते?

सोमवारी दोघं मिळून शाखेत गेली. रांग दारापर्यंत. मॅडमनी ओळखलं, खुर्ची दिली, आणि रंजिताबाईंनी तिथूनच लेकीला फोन लावून स्पीकर सुरू केला. मॅडमनी सगळं समजावलं. ओव्हरड्राफ्ट कसा लागला हे ऐकताना पलीकडून एकदा हसू आलं आणि दाबलं गेलं.

‘‘तुम्ही स्वतः फोनवर आहात, तर आता कागदाची गरज नाही,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘मी लिंक पाठवते, तुम्ही तुमचा नंबर भरा.’’

‘‘नंबर बदलायलाच हवा का?’’ प्रांजलने विचारलं.

‘‘अहो, तुमच्या खर्चाचे सगळे मेसेज तुमच्या वडिलांना जातात.’’

‘‘माहीत आहे.’’

मॅडमनी हरेशरावांकडे पाहिलं. हरेशरावांनी टेबलाकडे पाहिलं.

‘‘म्हणूनच ते कार्ड ठेवलंय मी,’’ प्रांजल म्हणाली. ‘‘फक्त नाश्त्यासाठी. पप्पा फोनवर काही बोलत नाहीत. मला वाटलं, निदान मी खाल्लं एवढं तरी त्यांना कळेल. शिल्लक तपासायचं डोक्यातच आलं नाही. कार्ड चालत होतं.’’

रंजिताबाईंनी पदर नाकाला लावला. रांगेतल्या एका माणसाने उगाचच स्वतःच्या पासबुकात डोकं घातलं.

‘‘नंबर राहू दे,’’ हरेशराव एकदम म्हणाले. ‘‘मी भरत जाईन. व्याज, शुल्क, जे असेल ते. दर महिन्याला भरीन.’’

‘‘काका, निवृत्त व्हाल पुढच्या वर्षी,’’ मॅडम म्हणाल्या. हे त्यांनी हरेशरावांच्या गळ्यातल्या ऑफिसच्या ओळखपत्रावरून काढलं असावं. ‘‘आणि नियमात बसत नाही. मला आज हे करावंच लागेल.’’

त्यांनी दोन-तीन कळा दाबल्या. ‘‘जुन्या नंबरवर सहा आकडी कोड येईल. तो तुम्ही मुलीला सांगायचा. तीन मिनिटं चालतो. तो भरला की मेसेज तिकडे जायला लागतील.’’

हरेशरावांचा खिसा थरथरला. त्यांनी मोबाइल काढला, हातभर लांब धरला, आणि आवक रजिस्टरातला क्रमांक वाचावा तसे आकडे वाचू लागले.

‘‘सहा. दोन. दोन. नऊ. एक.’’

आणि थांबले.

‘‘पुढचा, पप्पा?’’

हरेशरावांनी मोबाइल खाली घेतला. मागून कुणीतरी घाई केली. रंजिताबाईंनी मान वळवून नुसतं बघितलं, तसा तो गप्प झाला.

‘‘मी फोन करीन, पप्पा. आईच्या फोनवर नाही. तुमच्या. रोज सकाळी.’’

‘‘मी काय बोलणार?’’ हरेशराव म्हणाले. ‘‘मला फोनवर काही सुचत नाही गं.’’

‘‘नका बोलू. मी बोलीन, तुम्ही हं म्हणा.’’

‘‘आणि एखाद्या दिवशी नाही जमलं तुला? मग मला कळणार कसं?’’

‘‘काय कळणार?’’

हरेशरावांनी आजूबाजूला पाहिलं. माधुरी मॅडम, फायली, दारापर्यंतची रांग, सगळी त्यांच्याकडेच बघत होती. मार्चअखेरीला भर बँकेत उभं राहून ते मुलीला म्हणाले,

‘‘तू आहेस ते.’’

मॅडम संगणकावरचं घड्याळ बघत होत्या.

‘‘नाही जमलं तर तुम्ही करा,’’ प्रांजल शेवटी म्हणाली. ‘‘मी वाट बघीन. तीन वर्षं बघतेच आहे.’’

हरेशरावांनी मोबाइल डोळ्यांजवळ आणला. आकडा आता त्यांना नीट दिसत नव्हता, पण तो त्यांना कधीचाच पाठ झाला होता.

‘‘सात,’’ ते म्हणाले.